अर्ज न केलेली माणसे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या दिवशी माझा पुतण्या सुहास सहकुटुंब फराळाला आला होता. चकल्या खुसखुशीत झाल्या होत्या, चहा वाफाळत होता, पण सुहासचे चित्त काही ठिकाणावर नव्हते. विजेच्या जोडणीची लहानसहान कामे घेणारा हा मनुष्य. एका सरकारी कचेरीच्या निविदेसाठी त्याने कागदपत्रे जमवली होती, बयाणा रकमेची तजवीज केली होती. आणि ऐन वेळी कळले, की 'तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव' ही अट आहे.

"काका, मला सांगा," चकली तशीच हातात धरून तो म्हणाला, "काम दिल्याशिवाय अनुभव यायचा कसा? आणि अनुभवाशिवाय काम द्यायचं नाही, तर नव्या माणसानं जायचं कुठं? थोडी सूट नको का द्यायला?"

मी मान डोलावली. तेवढ्यात विषय मुक्ताकडे वळला. मुक्ता म्हणजे त्याची मुलगी. हव्या त्या महाविद्यालयातला तिचा अभियांत्रिकीचा प्रवेश थोडक्यात हुकला होता, आणि दुसऱ्या महाविद्यालयात ती जाऊ लागली होती. सुहास पुन्हा उसळला. "इथं मात्र सगळ्या सवलतीच सवलती! गुण म्हणजे गुण. कसोटी सगळ्यांना सारखी नको का?"

मला हसू आले, पण मी ते आवरले. एका चकलीच्या अवधीत माझा पुतण्या टेंडरच्या बाबतीत सवलतीच्या बाजूचा आणि प्रवेशाच्या बाबतीत कसोटीच्या बाजूचा झाला होता. अर्थात यात त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण सारेच असे आहोत. ज्या दारापुढे आपण अडलेले असतो, ते दार आपल्याला अरुंद वाटते. आणि ज्या दारातून आपण सुखाने आत गेलेलो असतो, त्याची चौकट आपल्याला अगदी मापात बसवलेली दिसते.

मी शिक्षकी पेशातला. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला. उत्तर सुचले नाही की जुने ग्रंथ काढून बसायचे, ही खोड अद्याप गेलेली नाही. त्या रात्री मी विधिमंडळातल्या आणि संसदेतल्या जुन्या भाषणांचे खंड उघडले, आणि पुढचे कित्येक दिवस त्यांतच बुडून गेलो. जे सापडले ते सुहाससाठी मनाशी जुळवले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

शाळेचे दार आणि कंत्राटाचे दार ही दोन निराळी दारे आहेत असे आपण समजतो. वस्तुतः दोहोंची किल्ली एकच आहे. ती म्हणजे लोकांनी कररूपाने भरलेला पैसा. हे महाराष्ट्रात स्वच्छ शब्दांत प्रथम सांगितले ते जोतीराव फुल्यांनी. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचा महसूल बव्हंशी शेतकऱ्याच्या घामातून येतो, परंतु शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. दान म्हणून नव्हे, तर ज्याचा पैसा त्याला त्याचा वाटा, अशा हिशेबाने ती केलेली होती.

तत्पूर्वीची एक घटना तर मनाला चटका लावणारी आहे. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. शाळा सरकारची, पैसा सरकारचा. तरीही अर्ज नाकारला गेला. मुलाने थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारने काय म्हणावे? न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे हे मान्य. परंतु एका मुलासाठी शतकानुशतकांच्या समजुतीविरुद्ध जाऊन सबंध शाळा ओस पाडणे सरकारला शक्य नाही! न्याय मान्य आणि अर्ज अमान्य, असा तो निकाल होता. पुढे कंपनीच्या वरिष्ठांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे जाहीर केले खरे. पण कागदावर उघडलेले दार आणि प्रत्यक्ष उघडलेले दार यांत किती अंतर असते, हे पुढची पाऊणशे वर्षे दिसत राहिले.

यानंतर गोपाळराव गोखल्यांचे नाव घेतलेच पाहिजे. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती मवाळ होती पाहा! स्थानिक संस्थांना इच्छा असेल तर, ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तर, आणि सरकारची परवानगी मिळाली तर, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करता यावे. इतक्या 'तर' आणि 'तर' यांच्या पायघड्या घालूनही मार्च 1912 मध्ये ते विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मात्र आपल्या संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू करून दाखवले होते. 1893 साली अमरेली तालुक्यात प्रयोग झाला आणि 1906 साली सबंध राज्यात अंमल. म्हणजे अडचण पैशाची होतीच. पण पैशाहून अधिक इच्छेची होती.

आकड्यांनी बोलायचे तर 12 मार्च 1927 या दिवशी मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण वाचावे. नुकतेच ते सभासद म्हणून नेमले गेले होते. त्यांनी हिशेब मांडला तो असा: सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते, आणि अबकारी करातून माणशी 2 रुपये 2 आणे 9 पै वसूल करते. दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर द्या, एवढीच मागणी. त्याच भाषणात त्यांनी सांगितले, की शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अवघी अठरा पोचतात. बाकीची ब्याऐंशी जातात कुठे? ती नापास होत नाहीत; ती नाहीशी होतात.

या 'नाहीशा होणाऱ्या' माणसांचाच आणखी एक हिशेब पंधरा वर्षांनी बाबासाहेबांनी मांडला, आणि माझ्या सुहासच्या दोन्ही तक्रारी त्या एकाच कागदात शेजारी शेजारी बसलेल्या मला सापडल्या. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाचे प्रकरण आहे. बनारस आणि अलीगढ या दोन विद्यापीठांना सरकार वर्षाला प्रत्येकी 3 लाख रुपये देते. मग आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी, विशेषतः विज्ञानाच्या आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी, तेवढेच 3 लाख का देऊ नयेत? नुसती अक्षरओळख पुरेशी नाही. ज्या जागांवर बसून धोरणे ठरतात, तिथवर पोचवणारे शिक्षण हवे, हा त्यांचा मुद्दा.

आणि त्याच निवेदनात सरकारी कंत्राटांचेही गाऱ्हाणे आहे. मध्यवर्ती सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीवर 1171 कंत्राटदार होते. त्यांत अस्पृश्य वर्गातला कंत्राटदार किती? एक. केवळ एक.

दगड फोडणारे, माती वाहणारे, रस्त्यावर डांबर ओतणारे हात कोणाचे होते हे सांगण्याची गरज नाही. काम त्यांचे होते. कामाचा ठेका मात्र त्यांचा नव्हता. ठेक्याला यादीत नाव लागते, नावाला पत लागते, पतीला आधीचे काम लागते, आणि आधीच्या कामाला पुन्हा यादीत नाव! सुहासला जो चक्रव्यूह पाडव्याच्या दिवशी भेटला, तो काही नवा नव्हता.

त्या निवेदनाचे पुढे काय झाले? 1943 साली सरकारी नोकऱ्यांत 8⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. 1944 पासून शिष्यवृत्त्यांसाठी रक्कम मंजूर झाली. मॅट्रिकनंतरच्या ज्या शिष्यवृत्तीवर पुढे लक्षावधी मुले शिकली तिचा उगम हाच. कंत्राटाचा मुद्दा तेवढा कागदातच राहिला. तो किती काळ राहिला, ते पुढे सांगतो.

देश स्वतंत्र झाला, घटना झाली, आणि 1951 साली शाळेच्या दाराचा प्रश्न दिल्लीच्या संसदेत येऊन उभा राहिला. त्याला निमित्त झाले मद्रासचे. तेथे एक जुना सरकारी हुकूम चालू होता. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर 14 जागांपैकी 6 ब्राह्मणेतर हिंदूंना, 2 मागास हिंदूंना, 2 ब्राह्मणांना, 2 हरिजनांना, 1 अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती यांना आणि 1 मुसलमानांना, अशी ती वाटणी. म्हणजे प्रत्येकाचा खण ठरलेला. खणाबाहेर कोणीच नाही.

चंपकम् दोराईराजन या बाईंनी आणि अभियांत्रिकीच्या एका उमेदवार तरुणाने या हुकुमाविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली. गंमत अशी, की तेथे त्यांच्या बाजूने वकिली करायला उभे राहिले ते अल्लादी कृष्णस्वामी अय्यर. घटनेच्या मसुदा समितीचेच ते एक सभासद! उच्च न्यायालयाने 27 जुलै 1950 रोजी हुकूम रद्द ठरवला. 9 एप्रिल 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी तोच निकाल कायम केला. घटनेचे कलम 29(2) सांगते, की सरकारी किंवा सरकारी मदतीच्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांच्या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. नोकऱ्यांसाठी घटनेत मागासवर्गीयांची तरतूद केलेली आहे, शिक्षणासाठी तशी नाही. तेव्हा ती हेतुपुरस्सरच केलेली नसावी, असे न्यायालयाने म्हटले.

या खटल्यातील एक बारकावा मला फार विचारात पाडून गेला. चंपकम् बाईंनी महाविद्यालयात प्रत्यक्ष अर्ज केलेलाच नव्हता! चौकशी करता प्रवेश मिळणार नाही असे त्यांना कळले होते, आणि तेवढ्यावरच त्या न्यायालयात आल्या. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आली. पण मद्रास सरकारने त्याबद्दल हरकत घेतली नव्हती, म्हणून न्यायालयानेही तो मुद्दा ताणला नाही.

निकालानंतर सुमारे महिनाभराने पंतप्रधान पंडित नेहरूंनी पहिल्या घटनादुरुस्तीचे विधेयक संसदेत आणले. त्यात भाषणस्वातंत्र्यावरील मर्यादा होत्या, जमीनदारीनिर्मूलनाचे संरक्षण होते, आणि शिक्षणाचे हे कलमही होते. 16 मेपासून जी चर्चा पेटली तिचे खंड आजही वाचावेसे वाटतात. सार्वत्रिक निवडणूक अद्याप व्हायची होती. ही हंगामी संसद होती. निवडून न आलेल्या सभागृहाने घटनेला हात का लावावा, हा आक्षेप जोरात होता. श्यामाप्रसाद मुखर्जी विरोधात तुटून पडले. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी प्रवर समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली. हे कुंझरू म्हणजे गोखल्यांच्या भारतसेवक समाजाचे अध्यक्ष. या दोघांचा मुख्य रोख भाषणस्वातंत्र्याच्या कलमावर होता.

18 मे रोजी कायदेमंत्री या नात्याने बाबासाहेब बोलायला उभे राहिले. न्यायालयाचा निकाल आपल्याला मुळीच समाधानकारक वाटत नाही, असे त्यांनी उघड सांगितले. एका सभासदांना ते रुचले नाही. तेव्हा, निकाल पाळण्यास मी बांधील आहे, पण तो मला पटलाच पाहिजे असे नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या युक्तिवादाचा सारा भार एका शब्दावर होता: 'केवळ'. केवळ जातीच्या कारणावरून नाकारू नये, असे कलम म्हणते. जातीबरोबर मागासलेपण हेही कारण असेल तर ते 'केवळ' जातीचे कारण राहत नाही. आणि आपल्या देशात मागासलेले वर्ग म्हणजे तरी काय? काही जातींचा समूहच ना! मग मागासवर्गाला साहाय्य करताना जातीचे नाव टाळायचे कसे?

मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांचा आग्रह निराळा होता. मागासलेपणाच्या व्याख्येत 'आर्थिक' हा शब्दही घाला, असे ते म्हणत. नेहरूंनी ते मानले नाही. 'सामाजिक' हा शब्द अधिक व्यापक असून आर्थिक बाब त्यात येतेच, आणि घटनेत अन्यत्र वापरलेली 'सामाजिक आणि शैक्षणिक' ही शब्दयोजनाच येथे ठेवणे बरे, असे त्यांचे म्हणणे. अखेर जूनच्या आरंभी 228 विरुद्ध 20 मतांनी विधेयक संमत झाले, 18 जून 1951 रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि कलम 15 ला चौथे उपकलम जोडले गेले. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आतच बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

या साऱ्यात कोण बरोबर आणि कोण चूक, असे एका वाक्यात सांगायला मी धजणार नाही. परंतु एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मद्रासच्या खणांच्या वाटणीत प्रत्येकाला जन्मतः एक कप्पा दिलेला होता. न्यायालयाने तो मोडला. संसदेने तो कप्पा पुन्हा जसाच्या तसा उभा केला नाही. 'मागासलेले' कोण हे आधी दाखवून द्या, मग त्यांच्यासाठी सोय करा, असे तिने म्हटले. कप्पा आणि शिडी यांत फरक आहे. तो फरक टिकवण्यासाठी नंतरची सत्तर वर्षे न्यायालये आणि संसद यांची ओढाताण चालू राहिली.

प्रा. शहांचा नाकारलेला शब्द पुढे वेगळ्या वेषात परत आला. जानेवारी 2019 मध्ये 103 व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांची तरतूद झाली. सोळा-सतरा दिवसांच्या त्या जुन्या खडाजंगीच्या तुलनेत ही दुरुस्ती 8 तारखेला लोकसभेत आणि 9 तारखेला राज्यसभेत संमत झाली. शहांना सर्वांसाठी हवा असलेला तो शब्द येथे मात्र आधीच्या सवलतींबाहेरच्या लोकांपुरता आला. 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने तो वैध ठरवला.

आणि कंत्राटाचे दार? 2012 च्या मे महिन्यात लोकसभेत सार्वजनिक खरेदीचे एक विधेयक मांडले गेले. 2014 साली लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. पण त्याच 2012 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी खरेदीचे धोरण जाहीर केले होते. सरकारी खात्यांनी आपल्या खरेदीपैकी 20 टक्के माल लहान उद्योगांकडून घ्यावा, आणि त्यातही 4 टक्के अनुसूचित जातीजमातींच्या उद्योजकांकडून, असे ते धोरण. ते 2015 च्या एप्रिलपासून बंधनकारक झाले. 2018 साली 20 चे 25 टक्के झाले आणि स्त्री-उद्योजकांसाठी 3 टक्के ठरले. 1942 ते 2012! त्या एका कंत्राटदाराच्या आकड्याला उत्तर मिळायला सत्तर वर्षे लागली. तेही उत्तर अर्धेमुर्धेच. कारण पहिली काही वर्षे प्रत्यक्ष खरेदी त्या 4 टक्क्यांच्या जवळपासही पोचली नाही. बयाणा रकमेची माफी मिळाली, अनुभवाची अट काही ठिकाणी सैल झाली, तरी यादीत नावेच थोडी!

हे सारे मी तुळशीच्या लग्नाला सुहासकडे गेलो तेव्हा त्याला सांगितले. तो गप्प बसून ऐकत होता. शेवटी एवढेच म्हणाला, "म्हणजे काका, माझी टेंडरची तक्रार खरी असेल, तर दुसरीकडची सवलतही नुसती खैरात म्हणता येत नाही."

"आणि मुक्ताचा प्रवेश हुकला त्याचं दुःखही खोटं ठरत नाही," मी म्हणालो. "जागा चौदाच असतात तोवर कुणाचा तरी प्रवेश हुकणारच. भांडायचं तर चौदाच्या अठ्ठावीस व्हाव्यात म्हणून भांड."

मुक्ता दाराशी रांगोळीत रंग भरत होती. तिचे आमच्याकडे लक्ष नसावे असा माझा समज होता. तिने मान वर केली आणि विचारले, "आजोबा, मद्रासच्या त्या बाईंनी अर्ज केला नव्हता, तरी कोर्टानं त्यांचं ऐकून घेतलं ना? मग त्या अकराशे एकाहत्तरांत एकच नाव होतं, तेव्हा बाकीच्यांनी अर्ज केले होते का?"

प्रश्न ऐकून मी चरकलो. इतके दिवस मी ते खंड चाळत होतो, आणि तिने नेमक्या जागी बोट ठेवले. अर्ज नाकारला गेला की त्याची नोंद होते, तारीख पडते, दाद मागता येते. धारवाडच्या मुलाचा अर्ज म्हणूनच आज आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच्या मागे उभी असलेली, दार बंद आहे हे जन्मापासून ठाऊक असल्यामुळे अर्जच न करणारी किती मुले असतील? दगड फोडताना ज्याच्या मनाला 'हा ठेका मी घेईन' असा विचारही शिवला नाही, असे किती बाप असतील? चंपकम् बाईंना दार बंद असल्याचे कळले तेव्हा त्या थेट न्यायालयात जाऊ शकल्या. त्यांच्यापाशी शिक्षण होते, वकील होते. ज्यांच्यापाशी यातले काहीच नव्हते, त्यांचा न केलेला अर्ज कोणत्या दप्तरात शोधायचा?

"नाही गं," मी म्हणालो. "बहुतेकांनी केलेच नसतील."

"मग नियम त्यांच्यासाठी असतो," ती सहज म्हणाली, आणि पुन्हा रांगोळीकडे वळली.

सुहासने पुढच्या निविदेचा अर्ज भरला आहे. लहान उद्योगाची नोंदणी करून घेतली, तेव्हा बयाणा रकमेतून सूट मिळाली. काम मिळाले की नाही ते अजून कळायचे आहे. मात्र परवा तो मला म्हणाला, की त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एका होतकरू पोऱ्यालाही त्याने नोंदणीचा कागद आणून दिला आहे. पोऱ्या म्हणत होता, "आपलं काय काम तिथं?" सुहासने त्याला अर्ज भरायला लावला.